बत्तीस नाण्यांची तालीम

माझे थोरले बंधू एस.टी.तून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी वाहकाची पिशवी खांद्यावर वागवली. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत जमा झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात चर्चा सुरू झाली, या पैशांचं करायचं काय? भाभी म्हणाल्या, पत्रे काढून स्लॅब टाकू. मी म्हणालो, पोस्टात ठेवा. पुतण्या तेवढा गप्प होता. जेवण होत आलं तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, हे पैसे आणि माझ्या दोन मित्रांचे, असे मिळून आपण एक व्हॅलिडेटर चालवू या का?"

भाऊंनी घास खाली ठेवला नाही. ते म्हणाले, "पासिंग झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आधी पासिंग करून दाखव." आणि मग माझ्याकडे वळून, "चाचाला दाखव. तो सांगेल."

मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. कविता लिहितो. संगणकावर मला टंकन येतं आणि नातवंडांचे फोटो पाहता येतात. पण थोरल्या भावाने सांगितलं म्हणजे नाही म्हणता येत नाही. म्हणून दोन महिने मी रोज संध्याकाळी पुतण्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. तिथे जे पाहिलं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

पुतण्याने मला समजावलं ते असं. ब्लॉकचेन ही एक खातेवही आहे. कुणी कुणाला किती दिलं, याची नोंद तिच्यात होते. बँकेत अशी वही बँकेकडे असते. इथे वही कुणा एकाकडे नसते, तिची एकेक प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. नोंदींचं नवं पान आलं की ते खरं की खोटं, हे त्यांनीच तपासायचं. इथेरियम नावाची अशी एक वही ३० जुलै २०१५ ला सुरू झाली. पहिली सात वर्षं पान जोडण्याचा मान मिळवायला संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागे आणि तिला अफाट वीज लागे. १५ सप्टेंबर २०२२ ला ती पद्धत बंद झाली आणि अनामत ठेवण्याची पद्धत आली. त्या एका बदलाने विजेचा खर्च नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला.

अनामत किती? किमान बत्तीस ईथर. ईथर हे त्या वहीतलं नाणं. त्याचा भाव रोज हलतो, पण बत्तीस म्हणजे आपल्याकडचे कित्येक लाख रुपये होतात. ते अडकवून ठेवायचे, संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि आलेल्या पानाबद्दल सांगायचं, 'मी तपासलं, हे बरोबर आहे.' खरं बोललात, वेळेवर बोललात, तर थोडा मोबदला मिळतो. चुकलात तर अनामतीतून कापलं जातं.

मी म्हणालो, "अरे, म्हणजे हा पंचनाम्यातला पंच!" पुतण्या हसला. तेव्हापासून आमच्या घरात व्हॅलिडेटरला पंच हेच नाव पडलं.

आता पासिंग कुठे करायचं? तर त्यासाठी खऱ्या वहीची हुबेहूब नक्कल असलेली दुसरी वही असते. तिला टेस्टनेट म्हणतात. नियम सगळे तेच, नाणं मात्र बिनमोलाचं. आपण मराठीत म्हणतो ती रंगीत तालीम. तालीम हा शब्द मला फार आवडतो. मुळात तो अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत आला आणि नाटकवाल्यांचा झाला, पहिलवानांचाही झाला. दोन्ही तालमींत पडायला परवानगी असते. तेवढ्यासाठीच त्या असतात.

या तालमींना आगगाड्यांच्या आणि मेट्रोच्या स्थानकांची नावं द्यायची पद्धत आहे. रॉप्स्टेन हे स्टॉकहोमचं, कोव्हान सिंगापूरचं, गोएर्ली बर्लिनचं, सेपोलिया अथेन्सचं, होलेस्की प्रागचं. भाऊंना बाकी काही रुचलं नाही, पण थांब्यांची ही यादी त्यांनी कान देऊन ऐकली. आमच्या वाट्याला आलं ते हूडी. मला आधी होडी ऐकू आलं. पण हूडी हे बंगळुरूचं स्थानक, व्हाइटफील्डच्या वाटेवरचं. त्या नावाचं टेस्टनेट १७ मार्च २०२५ ला सुरू झालं. जगभरचे लोक त्याचं नाव घेतात आणि त्यातल्या अनेकांनी ते स्थानक नकाशावरही पाहिलेलं नसेल.

तालमीचं नाणं फुकट मिळतं. जिथून मिळतं त्या जागेला ते लोक नळ म्हणतात. पण नळाला पाणी जपून सोडतात. एकाच नळावर आमच्या संगणकाला बराच वेळ राबावं लागलं, तेव्हा थोडंथोडं करत बत्तीस नाणी साठली. मला वाटलं, बिनमोलाच्या नाण्याला एवढी काटकसर कशाला? पुतण्याने सांगितलं, गोएर्लीत नाणी मोजकी होती, त्यामुळे ती मिळेनाशी झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला लोक चक्क खरे पैसे देऊन ती विकत घेऊ लागले. तालमीतल्या लाकडी तलवारीला बाजारात भाव यावा, तसं ते झालं. म्हणून होलेस्की सुरू करताना तिथे एकशे साठ कोटी नाणी ओतली. खऱ्या वहीत तेव्हा बारा कोटींच्या आसपास होती.

यंत्र म्हणाल तर पाठ्यपुस्तकाच्या आकाराची एक पेटी. तिच्यात दोन प्रोग्राम बसवावे लागतात. एक व्यवहार तपासतो, दुसरा बाकीच्या पंचांशी बोलतो. दोघांनी एकमेकांना ओळखावं म्हणून एक गुप्त खूण असलेली फाईल दोघांकडे द्यायची. ती फाईल चुकीच्या जागी ठेवल्यामुळे आमचे पहिले दोन दिवस वाया गेले. एकाच घरात राहून दोघं एकमेकांशी बोलेनात. भाभी म्हणाल्या, "हे मला सांगायला नको."

त्यानंतर आले चोवीस शब्द. पंचाची सही म्हणजे एक लांबलचक आकडा असतो आणि तो पुन्हा मिळवता यावा म्हणून संगणक चोवीस शब्द देतो. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. ते कागदावर उतरवून घ्यायचे, क्रम चुकवायचा नाही, कुणाला दाखवायचे नाहीत. इंग्रजी, स्पॅनिश, जपानी, कोरियन, झेक अशा भाषांत या याद्या आहेत. मराठीत नाही. मी पुतण्याला म्हणालो, यादी करायची झाली तर मला सांग, शब्द मी देतो. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच शब्दांना एवढं कुणी जपलेलं नाही.

अनामत भरली, रांगेत नंबर लागला आणि एका रात्री पंच कामावर रुजू झाला. या वहीत वेळ बारा बारा सेकंदांच्या ठोक्यांनी चालते. प्रत्येक ठोक्याला एक पान. बत्तीस ठोक्यांचं एक आवर्तन, म्हणजे सहा मिनिटं चोवीस सेकंद. प्रत्येक आवर्तनात प्रत्येक पंचाने एकदा साक्ष द्यायची. दोन तृतीयांश अनामतीएवढ्या साक्षी जुळल्या आणि पुढच्या आवर्तनानेही त्याला दुजोरा दिला, की ते पान कायमचं झालं. मग ते पुसता येत नाही.

साक्षीला आमच्या घरात गवाही म्हणतात. लहानपणी एकोणतिसाव्या रोज्याला आभाळ ढगाळ असलं की चंद्र पाहिल्याची गवाही देणारा माणूस शोधावा लागे. कुणी आला की त्याला पहिला प्रश्न असे, तू स्वतः पाहिलास का? कुठे उभा होतास? किती वाजले होते? शेजाऱ्याने पाहिला, हे चालत नसे. पडद्यावर हिरव्या टिंबांची रांग वाढताना पाहून मला त्या संध्याकाळी आठवल्या.

किती वाजले होते, हा प्रश्न इथेही फार मोठा आहे. आपल्या रेडिओवर बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजत, तेव्हा आमचे वडील मनगटी घड्याळ कानाशी धरून मिनिटकाटा जुळवत. ऑगस्ट २०२० मध्ये मेडाल्या नावाच्या टेस्टनेटवर असाच घड्याळाचा घोटाळा झाला. प्रिझम नावाचा एक प्रोग्राम तेव्हा बहुसंख्य पंच वापरत होते. तो सहा ठिकाणच्या घड्याळांची सरासरी घेऊन वेळ ठरवी. १४ ऑगस्टला त्यातलं एक घड्याळ चोवीस तास पुढची वेळ सांगू लागलं. चोवीस भागिले सहा, चार. झालं! हजारो पंच चार तास पुढे जाऊन उभे राहिले आणि जी पानं अजून आलीच नव्हती त्यांच्याबद्दल बोलू लागले. गोंधळ निस्तरायला अनेक दिवस गेले. पण ती तालीम होती. खऱ्या पैशांची वही त्याच वर्षी १ डिसेंबरला सुरू झाली, तेव्हा हा धडा शिकून झाला होता.

आता आमच्या घरचा घोटाळा सांगतो.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते. जाते ती सांगून जात नाही आणि येते तीही सांगून येत नाही. वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की साक्ष चुकली आणि हिरव्या रांगेत लाल टिंब पडलं. पुतण्याला ते लाल टिंब सहन होईना. त्याने जुन्या लॅपटॉपमध्ये नवी डिस्क घातली, त्यावर तीच वही उतरवून घेतली आणि पंचाची तीच सही त्यातही ठेवून दिली. म्हणाला, "चाचा, आता वीज गेली की हा उभा राहील. आपला पंच कधी गैरहजर राहणार नाही." मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मी म्हणालो, शाबास.

एका रात्री अकराला वीज गेली. त्याने लॅपटॉप सुरू केला, मोबाईलचं इंटरनेट जोडलं आणि समाधानाने झोपला. पहाटे कधीतरी वीज आली. पेटी वीज येताच आपोआप सुरू होईल, अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. ती सुरू झाली, मागे पडलेली पानं भरून घेतली आणि तीही साक्ष देऊ लागली. सही एक, तोंडं दोन. थोडा वेळ दोघं एकच बोलत होते, म्हणून काही झालं नाही. मग एका ठोक्याला पान थोडं उशिरा पोहोचलं. लॅपटॉपने एक पान शेवटचं धरलं, पेटीने दुसरं. एकाच पंचाच्या एकाच आवर्तनातल्या दोन वेगळ्या साक्षी वहीत पुरावा म्हणून दाखल झाल्या.

सकाळी पडद्यावर एकच शब्द होता, स्लॅश्ड. पंच बडतर्फ.

या वहीचा न्याय कसा आहे पाहा. गैरहजर राहिलात तर दंड अगदी किरकोळ, त्या वेळात साधारण जेवढं मिळालं असतं तेवढं जातं. पण दोन साक्षी दिल्यात तर हकालपट्टी. अनामत जवळजवळ छत्तीस दिवस अडकून राहते आणि तेवढे दिवस गैरहजेरी लागत राहते. पहिला दंड पूर्वी एक ईथर होता, २०२५ च्या पेक्ट्रा नावाच्या सुधारणेनंतर तो फार कमी झाला. मात्र दुसरा एक दंड आहे. तुमच्या आगेमागे आणखी किती पंच याच गुन्ह्यात सापडले, त्या प्रमाणात तो वाढतो. एकटाच सापडलात तर जवळजवळ काही नाही, ही चूक असणार. एक तृतीयांश पंच एकदम सापडले तर सगळी अनामत जप्त, कारण ते संगनमत असणार.

पुतण्या दिवसभर जेवला नाही. मी त्याच्याशेजारी बसलो आणि आजवर घरात कुणाला न सांगितलेली एक गोष्ट त्याला सांगितली.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. बी.ए. झालो होतो आणि नोकरी शोधत होतो. रस्त्यावर एक अपघात झाला होता. सायकलवरच्या एका हमालाला ट्रकने उडवलं होतं. मी पोहोचलो तेव्हा जखमीला नेलं होतं आणि ट्रक बाजूला घेतला होता. पंचनामा लिहिणाऱ्यांना दुसरा पंच मिळत नव्हता. "शिकलेला दिसतोस, सही कर, उशीर होतोय," असं म्हणाले. मी वाचून पाहिलं. ट्रक कुठे उभा होता, ब्रेकच्या खुणा किती फूट होत्या, सगळं लिहिलेलं होतं. मी काहीच पाहिलेलं नव्हतं. माझी सही सुंदर आहे, असं सगळे म्हणत. मी ती केली.

चार वर्षांनी कोर्टात बोलावणं आलं. वकिलांनी विचारलं, ट्रकचं तोंड कुठल्या दिशेला होतं? मी जे बोललो ते कागदावर होतं त्याहून वेगळं निघालं. एकच पंच, दोन साक्षी. मला कुणी शिक्षा केली नाही. माझं नाव कुठे लाल झालं नाही. पण त्या हमालाची नुकसानभरपाईची केस लांबली आणि ती लांबण्यात माझ्या सुंदर सहीचा वाटा होता. त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला माहीत नाही, कारण मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चाचा, तिथे नव्हतो, एवढंच म्हणायचं होतं."

एवढंच म्हणायचं होतं. मलाही आणि त्याच्या लॅपटॉपलाही.

तुम्ही म्हणाल, चुकणारा एकटा असतो. पुष्कळांनी एकच सांगितलं तर ते खरं धरावं की नाही? त्याचीही एक तालीम झालेली आहे. २४ फेब्रुवारी २०२५ ला होलेस्कीवर पेक्ट्रा सुधारणा लागू झाली. गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन मोठ्या प्रोग्रामांत अनामत जमा होण्याचा एक पत्ता चुकीचा भरला गेला होता. त्यामुळे एक खोटं पान या तिघांना खरं वाटलं आणि बहुसंख्य पंचांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. एरिगॉन आणि रेथ हे दोन प्रोग्राम वापरणारे थोडे लोक बरोबर होते. वही दुभंगली. चूक लक्षात आली तरी परत फिरणं सोपं नव्हतं, कारण एकदा दिलेली साक्ष सोडून दुसरी दिली की बडतर्फीची भीती. १० मार्चला पानं पुन्हा कायम होऊ लागली, तोवर दोन आठवडे गेले. त्यानंतरच आठवडाभराने हूडी सुरू झालं. तिथे सुधारणा नीट पार पडली आणि ७ मे २०२५ ला ती खऱ्या वहीत आली.

म्हणून जाणकार सांगतात, शेजारी जो प्रोग्राम वापरतो तोच वापरू नका. सगळ्यांनी एकाच चष्म्यातून पाहिलं तर हजार पंच असूनही डोळा एकच.

पुतण्याने नवे चोवीस शब्द घेतले, पुन्हा नळावर उभा राहून नाणी साठवली आणि नवा पंच बसवला. जुन्या साक्षींची नोंद ठेवणारी एक फाईल असते. पंच एका यंत्रातून दुसऱ्यात हलवायचा झाला तर आधी पहिलं बंद करायचं, मग ती फाईल न्यायची. तसंच सुरू होताना दोन-तीन आवर्तनं गप्प बसून 'माझ्या सहीने आणखी कुणी बोलतंय का' हे पाहण्याची सोय काही प्रोग्रामांत असते. त्याने ती चालू केली. हे सगळं कागदोपत्री आधीच लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी ते वाचलंही होतं.

भाऊंनी विचारलं, "झालं का पासिंग?" मी काही बोलायच्या आत पुतण्याच म्हणाला, "नाही, अब्बा. एक चूक कळली. ती कळायला रुपया लागला नाही. पण अजून किती आहेत, ते मला माहीत नाही." आणि मग त्याने स्वतःच हिशेब मांडला. नाण्याचा भाव पडला तर अनामत तीच राहूनही पैसा आटतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वजा करता येत नाही. चौतीस वर्षांची कमाई त्यात घालण्याएवढा आपण तयार नाही.

भाऊ म्हणाले, "मग पुढची तारीख घे." आरटीओत नापास गाडीला सांगतात तसं. घरावर स्लॅब पडला. उरलेले पैसे पोस्टात गेले.

हूडीवरचा पंच मात्र चालू आहे. त्याला मोबदला मिळतो तोही बिनमोलाचा. परवा रात्री पुन्हा वीज गेली. मी कंदील घेऊन पुतण्याच्या खोलीत गेलो. तो अंधारात बसला होता. लॅपटॉप शेजारीच होता, बंद. बारा सेकंद गेले, आणखी बारा गेले.

मी विचारलं, "सुरू नाही करत?"

तो म्हणाला, "नको, चाचा. गैरहजेरी लागू दे."